भिंतीतलं खाचर

चैत्र सरत आला की आमच्या सासूबाई राब भाजतात. भाताची रोपं ज्या तुकड्यात वाढवायची तिथे शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या आणि गवत एकावर एक पसरायचं, वरून मातीचा पातळ थर द्यायचा आणि वारा पडलेला बघून पेटवून द्यायचं. जाळ थोडा, धूर फार. पूर्वी पालेगावात या दिवसांत बांधाबांधावर राब धुमसायचे आणि कुणाचा धूर कुणाच्या घरात शिरला याची चौकशी कोणी करत नसे. आता आमच्या चारी बाजूंनी इमारती आहेत आणि राब उरलाय एकट्या आमचा. आईंनी काडी ओढली की समोरच्या सोसायटीच्या खिडक्या पटापट बंद होतात, बाल्कन्यांतले कपडे आत जातात. यंदा तर सेक्रेटरी स्वतः खाली उतरून आले.

"काकी, निदान आदल्या दिवशी सांगत जा हो. कालच पडदे धुतलेत."

"मी सांगीन," आई म्हणाल्या, "पन वाऱ्याला कोन सांगंल?"

सेक्रेटरी परत गेले. खिडक्या बंदच राहिल्या. फक्त दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली एक खिडकी नेहमीप्रमाणे उघडली. तिथे हरीकाका राहतात. गावातले सगळे श्वास कोंडून बसतात तेव्हा हे गृहस्थ काचा सरकवून, गजांना धरून, छाती भरून धूर घेतात. त्यांची सून आतून ओरडते तेही आम्हाला खाली ऐकू येतं. काका तिच्याकडे लक्ष देत नाहीत आणि आई वर बघत नाहीत, पण आईंच्या तोंडावर हसू असतं.

ती उघडी खिडकी बघितली की मला एक साल आठवतं. महापूर येऊन गेला त्याच्या पुढचं साल. तसं बघितलं तर त्या सालात काहीच घडलं नाही. थोडी माती इकडची तिकडे झाली, एवढंच. पण माझ्या संसाराचं साल कुठलं असं कोणी विचारलं तर मी तेच सांगेन.

मी उल्हासनगर कॅम्प एकची. बॅरेकीतल्या दोन खोल्यांत वाढले. आमच्याकडे माती होती ती डालड्याच्या डब्यात, तिच्यात एक तुळस, आणि तीही दरवर्षी उन्हाळ्यात मान टाकायची. बाकी मातीचा संबंध यायचा तो शिव्याशापांत. अमक्याने पोराच्या आयुष्याची माती केली, तमक्याच्या तोंडात माती पडो. शेजार सगळा सिंधी, त्यामुळे माझ्या मराठीत एवढं हिंदी मिसळलेलं की लग्न होऊन पालेगावात आले तेव्हा बायका एकमेकींना विचारायच्या, "संजयनं सिंधीन केली काय?"

पहिल्याच आठवड्यात आईंनी मला खाचरं दाखवायला नेलं. खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं शेत. मला वाटलं होतं, शेत म्हणजे शेत. पण इथे प्रत्येकाला नाव होतं, माणसासारखा स्वभाव होता. जांभळीचं खाचर रुसकं, त्याला पाऊस जरा उशिरा झाला की भात पिवळा. लांबोडकं खाचर भोळं, काहीही टाका, उगवतं. ती दोन्ही आईंच्या धाकट्या दिरांच्या वाट्याला गेलेली. आमच्या वाट्याचं एकच, रस्त्याच्या मोरीलगतचं. ते सगळ्यांत गुणी, आईंनी वाटेत चारदा सांगितलं. पाणी सगळ्यांत आधी धरतं, सगळ्यांत शेवटी सोडतं. भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल टाकावा, वरून थेंब न देता येतो. ऐकून ऐकून मला त्या खाचराबद्दल आदरच वाटायला लागला. मग आई थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्ये आपलं मोरीचं खाचर."

मी बघितलं तर तिथे खाचर नव्हतंच. गुडघाभर खोल खड्डा होता. तळाला तांबडा मुरूम, कडेला टाकळा आणि मधोमध कोणाची तरी फुटकी बादली.

त्या खड्ड्याचं काय झालं ते मला त्याच दिवशी कळलं, कारण त्या विषयावर आमच्याकडे बोलणं कधी थांबायचंच नाही. आधी घर कुडाचं होतं. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पक्कं घर हवं होतं. आमच्या पट्ट्यात तेव्हा वीटभट्ट्या जोरात होत्या. एका भट्टीवाल्याशी बोलणं झालं: त्याने मोरीच्या खाचरातली वरची माती न्यायची आणि बदल्यात घराला लागतील तेवढ्या विटा द्यायच्या. त्याने माती नेली, विटा दिल्या, शब्दाला जागला. घर उभं राहिलं. ज्या खाचराने दरवर्षी कणगी भरली, त्याच्या भिंती झाल्या. पावसाळ्यात प्लास्टर न केलेल्या मागच्या भिंतीला ओल आली की आई तिच्यावर हात फिरवून म्हणायच्या, "बग, अजून पानी धरतेय." बाबा तंबाखू मळत दुसरीकडे बघायचे.

मला पुढे कितीतरी वर्षांनी यातलं मर्म उमगलं. विटेला जी माती लागते तीच भाताला लागते. चिकट, बारीक, ओलीत मऊ आणि वाळली की दगड. जिच्यात पाणी ठरतं तिचीच वीट ठरते. भट्टीवाला काही वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त माती कळत होती. आणि बाबांनाही ती कळत होती, म्हणून तर त्यांनी घरासाठी सगळ्यांत चांगली दिली. माणूस मुलीच्या लग्नात कपाटातलं चांगलं भांडंच काढतो ना, तसं.

आता माझ्या नवऱ्याने काय केलं ते सांगते. संजय अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. जाता-येता त्याला दिसायचं की जिथे तिथे इमारतींचे पाये खणताहेत आणि निघालेली माती कुठे टाकावी याची लोकांना पंचाईत आहे. महापुराच्या आधीच्या उन्हाळ्यात त्याने डंपरवाल्यांशी दोस्ती केली. "आई, टेन्शनच नको. पूरा खड्डा फुकट में भरून देतो." आणि खरोखर, खड्डा भरला. सपाट, बांधाच्या बरोबरीला. गावातले लोक येऊन बघून गेले. संजय आठवडाभर बांधावर असा उभा राहायचा की खाचर त्यानेच शोधून काढलंय. ते सगळं जमिनीच्या पोटातलं मुरूम आणि दगडगोटे होते, जोडीला थोडा टाइल्सचा चुरा. पण 'फुकट' शब्द कानात शिरला की आमच्याकडे शहाणी माणसंही डोळे मिटतात. आईंनीही मिटले. त्यांना खड्डा दिसेनासा व्हायला हवा होता.

त्या पावसाळ्यात जे झालं ते आठवून आम्ही अजून हसतो, तेव्हा मात्र कोणी हसलं नव्हतं. उल्हास नदी रस्त्यावर आली, बदलापुरात घरात पाणी, माझ्या माहेरी बॅरेकीत कॉटवर पातेली चढवलेली. सगळ्या जगात पाणी मावेना, आणि आमच्या खाचरात ते ठरेना. पूर ओसरल्यावर शेजारच्या खाचरांत भात मान वर काढून उभा होता आणि आमचं खाचर चार दिवसांत अंगणासारखं कोरडं. वरून ओतलं की खालून पसार. रोपं पिवळी पडली, मग पांढरी. लावणी करताना टाइलच्या कपचीने माझा तळवा कापला त्याची खूण अजून आहे.

दिवाळीनंतर बाबा आणि संजय यांनी एकत्र बसून सांगितलं की आता पुरे. रस्त्यालगतची जागा, गिऱ्हाईक दारात येऊन बसतंय. शेजारच्या हरीकाकांनी तेव्हाच आपलं खाचर इमारतीसाठी दिलं होतं, बदल्यात त्यांना दुसऱ्या मजल्यावर घर मिळणार होतं, आणि तोवर ते बदलापुरात भाड्याच्या खोलीत राहायला गेले होते. आपणही देऊन टाकू, मोकळे होऊ.

आई पोळपाट-लाटणं ठेवून बाहेर आल्या. "विकतचा तांदूल मी खाल्लाय," त्या म्हणाल्या, "मेली नाय. पन शेत नसल्यावं सकालची उठून मी काय करू? भितीकडं बघत बसू?"

त्यांनी हाताचं पीठ पदराला पुसलं.

"एक साल द्या मना. आखाडात पानी ठरलं तर लावनी करू. नाय ठरलं तर तुमी न्याल त्या कागदावं आंगठा देते."

अंगठा कशाला, आई सही करत. पण त्यांना ते तसंच म्हणायचं होतं. बाबांनी मान हलवली. एक पावसाळा मिळाला.

वैशाखात एक दिवस हरीकाका आपल्या विकलेल्या खाचराच्या बांधावर येऊन बसलेले दिसले. दर रविवारी बदलापुराहून येत, बसत आणि संध्याकाळी परत जात. इमारतीच्या पायासाठी चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. आई मला बरोबर घेऊन तिथे गेल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग आईंनी एकदम विचारलं.

"भावजी, जागा गेली ती गेली. माती मना द्या."

"मंजी?"

"वरची. ते आता पाया खननार आनी ती खाडीच्या भरावात नेऊन टाकनार. तिथं तिचा काय उपेग?"

हरीकाकांचा चेहरा असा झाला की मला तिथून पळावंसं वाटलं. "वयनी," ते म्हणाले, "मेलेला मानूस अजून घरात हाय आनी तुमी त्याच्या आंगावरचं धोतर मागता काय?"

आम्ही परत आलो. जेवताना आईंनी अर्धी भाकरी तशीच टाकली. आपण फार मोठी चूक केली असं त्यांना वाटत होतं हे उघड दिसत होतं, आणि मलाही तसंच वाटत होतं. एखाद्याची जमीन मागणं समजू शकतं, लोक सर्रास मागतात. पण जमीन गेल्यावर तिची माती मागणं हे कुठल्याच रीतीत बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता हरीकाका दारात. पहिल्या गाडीने आलेले, खांद्यावर फावडं.

"चला," ते म्हणाले. "भरावात जान्यापेक्षा तुमच्याकडं बरी. दिसंल तरी. पन मी सांगीन तसं काढायचं."

साइटवरच्या सुपरवायझरला आनंदच झाला, त्याचं काम परभारे होत होतं. अडचण वाहनाची आली. खाचरं जवळ, पण मध्ये रस्ता आणि पत्र्याचं कुंपण. आणि उन्हाळ्यात गावातले सगळे ट्रॅक्टर भट्ट्यांवर. तेव्हा मला लछूचाचा आठवले. कॅम्पात आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे, फर्निचरवाल्यांची कपाटं-सोफे पोचवायचा त्यांचा टेम्पो होता. मी फोनवर म्हटलं, थोडं सामान हलवायचंय. ते आले आणि ढिगाकडे बघत उभे राहिले.

"पुट, सामान कहाँ है?"

"येच है, चाचा."

"मिट्टी?" त्यांनी मला सुनावलं की गाडीत सनमायका लागतो, गाडी धुवावी लागेल, बापाला सांगतो तुझ्या. आणि काम संपेपर्यंत रोज येत राहिले. दुपारी आंब्याखाली भाकरी खाताना त्यांना सगळा प्रकार नीट समजला. हे खेत तिकडे जाणार म्हणजे? पूर्ण खेत? हरीकाकांनी मान हलवली. चाचा कांदा फोडत म्हणाले, "अच्छा है. हम लोग सिंध से आए तब मैं छोटा था. बर्तन लाए, बिस्तर लाए, दादी का संदूक भी लाए. मिट्टी का किसी को खयाल ही नहीं आया." त्यांच्या आवाजात दुःख वगैरे नव्हतं. एखादी चांगली कल्पना वेळेवर सुचली नाही, असं काहीसं होतं. हरीकाकांनी त्यांना आपल्यातली भाकरी दिली.

हरीकाकांची एकच अट होती. वीतभर जाडीचा वरचा थर एका ढिगात, त्याच्या खालची काळी चिकण दुसऱ्या ढिगात, आणि दोन्हींची भेट होऊ द्यायची नाही. "वरची वर जायाला पायजे, खालची खाली. उलटी घातलीस तर चार वर्सं गवत पन फिरकायचं नाय." मला तेव्हा हा म्हाताऱ्याचा हट्ट वाटला होता. परवा माझ्या मुलीला शाळेने बाटलीत माती आणि पाणी घालून हलवून ठेवायला सांगितलं. तळाला वाळू बसली, तिच्यावर गाळ, सगळ्यांत वर तरंगत राहिला काडीकचरा, मुळांचे तुकडे. ती म्हणाली, "मम्मा, ये तो लेअर्स बन गए." मी म्हटलं, हो, वरचं वर आणि खालचं खाली.

वरच्या थरात जगण्याचा सगळा पसारा होता. जुन्या भाताची धसकटं, मुळ्या, खेकड्यांची बिळं, गांडुळं. खालची चिकण गप्प, घट्ट, फावड्याला चिकटून बसणारी. एकीत पीक येतं, दुसरीमुळे पाणी ठरतं. नुसती एक असून भागत नाही. संसारातही असंच असतं, असं लिहायचा मोह होतोय, पण आमच्या घरात बाबा कुठला थर आणि आई कुठला यावर भांडण होईल.

आमच्या मुरमाचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. तो काढून फेकणं आवाक्याबाहेर. तेव्हा आईंनी ठरवलं की त्याचं खळं करायचं. मळणीसाठी अंगण करतात तसं: पाणी मारायचं, शेणमातीचा हात द्यायचा आणि लाकडाच्या चोपण्यांनी चोपचोप चोपायचं, भेग राहता कामा नये. अख्ख्या खाचराचं अंगण! आळीतल्या बायका चोपणी घेऊन आल्या. लग्नघरी हळद कुटावी तसा धपधप आवाज संध्याकाळी ऐकू यायचा. नव्या बिल्डिंगमधली एक बाई फिरायला आलेली, तिने मला विचारलं, "इथे बॅडमिंटन कोर्ट होणार आहे का?" मी म्हटलं, "नाही, भात."

अंगणावर चिकण, चिकणीवर वरची माती. आणि मग आईंनी शेणाच्या पाट्या ओतायला सुरुवात केली, तशी हरीकाकांना राग आला.

"वयनी, माज्या मातीला शेन नको. ती खाऊन-पिऊन सुखी हाय."

"होती तुमच्याकडं. आता सासरी आली. हितलं खायाला लागंल."

ते वाक्य मला लागलं, चांगल्या अर्थाने. मी पण तशीच आलेली होते, कुठल्याशा कॅम्पातून उचलून इथे पसरलेली. भाकरी थापता येत नव्हती, 'मना-तुना' बोलता येत नव्हतं, रुजेन की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं. त्या उन्हाळ्यात ढेकळं फोडता फोडता मला पहिल्यांदा वाटलं की रुजायला वेळ लागतो एवढंच, त्यात आपला काही दोष नसतो. आई मला तसं कधी म्हणाल्या नाहीत. पण त्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या ताटातला वालाचा घास माझ्या ताटात टाकला.

गांडुळं मरतील, असं हरीकाकांनी भाकीत केलं होतं. उन्हात टेम्पोत बसून कोण जगेल? आषाढात चिखलणी झाली तेव्हा पॉवर टिलरच्या मागे बगळ्यांची रांग लागली. बगळे काही मुरूम खायला येत नाहीत. आईंनी काकांना नुसतं बोटाने दाखवलं. काका म्हणाले, "माजीच हायेत. चिवट."

चिखलणी म्हणजे शहरातल्या माणसाला जे आयुष्यभर टाळायला शिकवलेलं असतं ते सगळं मनसोक्त करणं. माती फोडायची, घुसळायची, तुडवायची, तिची सगळी बारीक भोकं लिंपून टाकायची, की पाण्याला खाली जायला वाट सापडू नये. पाय पोटरीपर्यंत आत जायचे आणि खाली कुठेतरी आमचं ते चोपलेलं अंगण टाचेला लागायचं. ते लागलं की बरं वाटायचं.

आणि मग तो दिवस आला. खाचर पाण्याने भरलं होतं. आईंनी बांधाचं तोंड चिखलाने बंद केलं, मधोमध एक काठी रोवली आणि पाण्याची कड जिथे टेकली होती तिथे लाल दोरा बांधला. त्या रात्री पाऊस उघडला होता, म्हणजे वरून भर पडायची सोय नव्हती. सकाळी पाणी दोऱ्याशी असेल तर लावणी. नसेल तर ते गिऱ्हाईक. उजाडल्यावर संजयने कामावर दांडी मारली, पण बाहेर जायचं धाडस त्यालाही होईना. चूल पेटली, चहा उकळला, आणि कोणी उठेना.

एवढ्यात बाबा मागच्या दाराने आत आले आणि पाटावर बसले.

"चा दे," ते म्हणाले.

आईंनी कप पुढे केला आणि त्यांची नजर खाली गेली. बाबांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते, ओला, काळा, चकचकीत चिखल. आम्ही सगळे भीत बसलो होतो तेव्हा हे उजाडायच्या आत एकटे जाऊन आले होते. खाचर भट्टीला त्यांनीच दिलं होतं. इतकी वर्षं टोमणे ऐकून घेतले, एकदाही उत्तर दिलं नाही, आणि मला वाटायचं की त्यांना काही वाटत नाही.

"काय बगून आलाव?" आईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

बाबांनी बशीत चहा ओतला. फुंकला. प्यायले.

"दोरा भिजलेला हाय," ते म्हणाले.

आईंनी तांब्याभर गरम पाणी घेतलं, तिथेच बसल्या आणि बाबांचे पाय धुवायला लागल्या. बाबा "अगं, अगं" करत राहिले. त्या दिवसानंतर आमच्या घरात भिंतीवरून कोणी कोणाला बोललेलं मी ऐकलं नाही.

लावणी झाली. पीक भरघोस आलं असं सांगायला मला आवडेल, पण खोटं कशाला बोलू? मोरीकडचा एक कोपरा शेवटपर्यंत पिवळाच राहिला, तिथे चोपण्यात कुठेतरी कुचराई झाली होती. आणि माझाच हात तिथे असावा असा सर्वांचा कयास होता. बाकी खाचर मात्र हिरवं झालं, मग लोंब्या पोटात धरून पोटरीला आलं, मग झुकलं. हरीकाका रविवारी यायचे ते आता आपल्या इमारतीकडे पाठ करून आमच्या बांधावर बसायचे. बाबा त्यांच्या शेजारी बसायचे. दोघे एकाच पुडीतली तंबाखू मळायचे.

आश्विनात नव्याची पुनव आली. या दिवशी नवं बांधतात, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल यांची जुडी करून घराच्या दारावर लावतात. आईंनी सकाळी मोरीच्या खाचरातून लोंब्या खुडून आणल्या, जुडी केली. मी दाराजवळ स्टूल ठेवलं. आई स्टुलाकडे न बघता चपला घालून रस्त्याकडे निघाल्या.

"आई, दार इकडे आहे."

"आधी त्यांचं," त्या म्हणाल्या.

हरीकाका साइटवरच होते. इमारत तेव्हा दुसऱ्या स्लॅबपर्यंत आली होती, भिंती नाहीत, जिन्याला कठडा नाही. आई साडी खोचून तो जिना चढल्या, मागून मी, पुढे काका. वर पोचल्यावर काका मोकळ्या स्लॅबवर उभे राहून हात करून दाखवायला लागले, "ह्यो माजा हॉल. हितं किचन. ह्यो बेडरूम, हिकडं खिडकी येनार." खिडकी येणार होती तिथून आम्ही खाली बघितलं. आईंनी आपलं खाचर जन्मात पहिल्यांदा वरून बघितलं. पिवळंधमक, चौकोनी, कोपऱ्यात तो माझा डाग. त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग त्या जुडी घेऊन जागा शोधायला लागल्या.

"वयनी, हितं अजून दार नाय," हरीकाका म्हणाले.

"नसू दे. माती तुमची, नवं तुमचं."

कोपऱ्यातल्या खांबाच्या सळ्या स्लॅबमधून वर आल्या होत्या. आईंनी त्यातल्या एकीला जुडी बांधली, दोऱ्याच्या दोन गाठी मारल्या, हात जोडले. हरीकाकांनी पण जोडले. वाऱ्यावर लोंब्या हलत होत्या, आणि आम्ही तिघं त्या उघड्या स्लॅबवर, घर नसलेल्या घरात, उगाचच बराच वेळ उभे होतो. मला तिथे फार सुख वाटलं. तेवढं सुख मला स्वतःच्या गृहप्रवेशाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्या खांबांचं काँक्रीट भरलं. काका धावत गेले तोवर काम झालेलं. मिस्त्री बिहारकडचा होता. काकांनी विचारलं, इथे एक जुडी होती ती कुठे टाकलीस? त्याला आधी कळलं नाही, मग हसला. म्हणाला, "धान था ना, चाचा? धान कौन फेंकता है? अंदरै रहने दिया."

त्याला इंजिनीयर काय म्हणाला असता कोण जाणे. इमारत मात्र ठणठणीत आहे. आमचं खाचरही आहे, दरवर्षी पाणी धरतंय, कोपऱ्यातला डागही गेलाय. दरवर्षी नव्याच्या पुनवेला पहिली जुडी दुसऱ्या मजल्यावर जाते, आता तिथे दार आहे, दाराला बेल आहे. बाबा गेले, पण लाल दोरा आषाढात मी बांधते आणि भिजलाय की नाही ते बघायला उजाडायच्या आत एकटी जाते.

आज धूर विरल्यावर मी हरीकाकांकडे आईंनी दिलेला वाल घेऊन गेले. सूनबाई पडदे झटकत होती. काका बेडरूममध्ये खिडकीशी, कोपऱ्यातल्या खांबाला पाठ लावून बसले होते. तिथे त्यांच्या मुलाचे कोणी पाहुणे आले होते, पहिल्यांदाच; घर बघत होते, कारपेट एरिया विचारत होते. काकांनी त्यांना जवळ बोलावलं आणि बोटाच्या पेराने खांबावर टकटक केलं.

"भिती पोरानं रंगवल्यात," ते म्हणाले. "ह्यो खांब माजा. ह्याच्यात माज्या शेताचा भात हाय."